वाईन क्लबचा तिसरा खोका: घरपोच वाईनचा हिशेब, कायदा आणि गोव्याचे ऊन

मोबाईलवर जाहिरात येते. पाच-सहा प्रश्नांची उत्तरे द्या, तुमच्या जिभेला रुचतील अशा सहा बाटल्या दर महिन्याला दारात येतील. पहिला खोका निम्म्याहून कमी किमतीत, आणि नको वाटले तर कधीही रद्द करा. लंडनला किंवा न्यू जर्सीला असलेल्या भाचीने असा क्लब घेतलेला असतो आणि तिच्या खोक्याचे फोटो घरच्या ग्रुपवर येतात. म्हापशात किंवा फोंड्यात बसलेल्या माणसाला साहजिकच वाटते, की आपल्याकडे तर नाक्यानाक्यावर वाईनचे दुकान आहे, मग हा खोका आपल्या दारात का येऊ नये? त्याच वेळी त्याच क्लबांबद्दल तक्रारीही वाचायला मिळतात. पैसे कापले, खोका आला नाही. आला तो उन्हात तापलेला. रद्द केले तरी पुढचा निघालाच.

कौतुक आणि तक्रार, दोन्ही खरे असते, आणि पुष्कळदा ते एकाच क्लबबद्दल असते. कौतुक बहुधा पहिल्या खोक्याचे असते. क्लब पारखायचा तर तिसरा खोका पाहावा: तो कोणत्या भावाने पडला, त्यात काय आले, आणि तो नको होता तेव्हा थांबवता आला का. हे तिन्ही प्रश्न पुढे एकेक करून सोडवू. शेवटी गोव्याचा कायदा आणि गोव्याची हवा यांचाही विचार करावा लागेल, कारण इथे त्या दोन गोष्टी सगळा हिशेब बदलतात.

## क्लब म्हणजे नेमके काय?

सबस्क्रिप्शन म्हणजे एकदा दिलेली संमती आणि तिच्यावर चालत राहणारी मागणी. आपल्याकडे सकाळी पदेर दारात येतो, ठरलेले पाव देतो, हिशेब महिन्याच्या शेवटी होतो, आणि "उद्या नको" एवढे सांगितले की काम भागते. वाईन क्लब वरवर तसाच दिसतो, पण दोन ठिकाणी तो उलटा आहे. पैसे माल येण्याआधी कापले जातात, आणि "नको" हे ठरावीक तारखेच्या आत, ठरावीक जागीच सांगावे लागते. पैशांबद्दलच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ या दोन गोष्टींत आहे.

क्लबांचे ढोबळ चार प्रकार पडतात. पहिला वायनरीचा स्वतःचा क्लब. म्हणजे जिथे द्राक्षे पिकतात आणि वाईन होते, तेच लोक सभासदांना वर्षातून दोन-चार वेळा आपलीच वाईन पाठवतात. दुसरा निवडून देणाऱ्यांचा: ही कंपनी वेगवेगळ्या ठिकाणांहून वाईन विकत घेते, काही वेळा स्वतःच्या नावाने भरून घेते, आणि तुमच्या उत्तरांवरून खोका भरते. जाहिराती बहुतेक या प्रकाराच्या असतात. तिसरा प्रकार आगाऊ ठेवीचा. इंग्लंडमध्ये २००८ साली सुरू झालेल्या नेकेड वाईन्सने तो गाजवला. तिथे ग्राहक दर महिन्याला खात्यात ठरावीक रक्कम टाकतो, त्या पैशांच्या भरवशावर कंपनी वाईन बनवणाऱ्यांना भांडवल देते, आणि ग्राहक साठलेल्या रकमेतून सभासदांच्या भावाने वाईन घेतो. चौथा सहकारी. लंडनमध्ये १८७४ साली स्थापन झालेली वाईन सोसायटी आजही सभासदांच्या मालकीची आहे. ४० पौंडांचा एक भाग आयुष्यभरासाठी घ्यायचा, मग हवे तेव्हा मागवायचे, दरमहा काही नाही.

भाची नेमक्या कोणत्या प्रकारच्या क्लबात आहे, हे विचारल्याशिवाय तिच्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नये. सहकारी सोसायटीच्या सभासदाला "रद्द कसे करू" हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण रद्द करण्यासारखे चालू काही नसते.

## पहिला खोका एवढा स्वस्त कसा देतात?

तो तोट्यात देतात. नवा ग्राहक मिळवायला जाहिरात, सवलत आणि वाहतूक यांवर जो खर्च होतो, तो पुढच्या खोक्यांतून वसूल करायचा असतो. यात लपवाछपवी असतेच असे नाही. पुढचा भाव बहुधा अटींत लिहिलेला असतो. फक्त तो पहिल्या भावाच्या मानाने बारीक अक्षरांत असतो.

उदाहरणासाठी सोपे आकडे धरू. पहिला खोका, सहा बाटल्या, ३,००० रुपये. म्हणजे बाटली ५०० ला पडली. दुसऱ्या खोक्यापासून वाईनचे ७,२०० आणि वाहतुकीचे ६००, एकूण ७,८००. बाटली १,३०० ला. तीन खोके घेतल्यावर १८,६०० रुपये गेले आणि १८ बाटल्या आल्या, सरासरी १,०३३ रुपये. सहा खोक्यांनंतर हीच सरासरी १,१६७ वर जाते. तेव्हा "५०० ची वाईन छान होती का" हा प्रश्न बाजूला ठेवून "हीच वाईन मी दुकानात हजार-अकराशेला घेतली असती का" असे स्वतःला विचारावे.

इथे एक अडचण येते. निवडून देणाऱ्या क्लबांतल्या अनेक बाटल्या दुकानात मिळतच नाहीत. त्या खास त्या क्लबसाठी भरलेल्या असतात, नाव आणि लेबल क्लबचे. अशा मालाला खासगी लेबल म्हणतात. वाईन वाईट असते असे नाही, पण तिच्या भावाची तुलना करायला बाजारात दुसरी बाटलीच नसते. "मूळ किंमत ३० डॉलर, तुम्हाला १५ ला" यातला ३० चा आकडा क्लबनेच ठरवलेला असतो.

मग ओळखायचे कसे? मागचे लेबल वाचावे. अमेरिकन बाटलीवर "प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय" असे छापले असेल, तर त्या नावाच्या वायनरीने त्यातली किमान ७५ टक्के वाईन स्वतः आंबवलेली असते. "सेलर्ड" किंवा "विंटेड अँड बॉटल्ड बाय" असेल तर तशी हमी नाही. तयार वाईन आणून ठेवली, मिसळली, भरली असेही असू शकते. फ्रेंच बाटलीवर "मीझ आँ बुतेय ओ शातो" म्हणजे मळ्यावरच भरलेली. खोक्यातल्या सहापैकी किती बाटल्यांवर मळ्याचे, गावाचे आणि द्राक्ष कोणत्या वर्षी काढले त्याचे नाव-साल स्पष्ट आहे, ते मोजावे. जितके कमी, तितकी तुलना अवघड.

## क्विझ भरली की आवडीचीच वाईन येणार ना?

थोडीफार. कॉफी काळी पिता की साखर घालून, लिंबू आवडते का, डार्क चॉकलेट चालते का, अशा प्रश्नांवरून गोडवा, आंबटपणा आणि कडसरपणा किती सोसतो याचा अंदाज बांधता येतो. कडसर, जिभेला ओढ लावणारा जो गुण लाल वाईनमध्ये असतो, त्याला टॅनिन म्हणतात. तो द्राक्षाच्या साली आणि बियांतून येतो. त्याचा आणि काळ्या चहाच्या आवडीचा संबंध लावणे अगदीच निराधार नाही.

पण निवड शेवटी कंपनीच्या गोदामात जे आहे त्यातूनच होते. त्यामुळे पहिला खोका बराच जुळतो, दुसरा कमी, आणि तिसऱ्यात "हे मी कुठे मागितले होते" असे वाटू लागते. आलेल्या बाटल्यांना गुण देत राहिले तर फरक पडतो. मात्र गुण नेमके द्यावेत: "आवडली नाही" याऐवजी "फार कोरडी" (म्हणजे गोडवा नसलेली), "फार आंबट", "लाकडाचा वास जास्त".

गोव्यातल्या माणसाने एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. आपल्याकडे अनेकांची पहिली वाईन म्हणजे इथली गोडसर लाल पोर्ट. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली पोर्ट, जिच्यात आंबवण्याच्या मध्येच द्राक्षाची दारू घालून साखर राखतात, ती वेगळी आणि पुष्कळ महाग. इथली पोर्ट आवडणाऱ्याने क्विझमध्ये "लाल वाईन आवडते" एवढेच लिहिले तर खोक्यात कोरड्या, टॅनिनने भरलेल्या लाल बाटल्या येतील आणि पहिला घोट नकोसा होईल. "गोड आवडते" हे मोकळेपणाने लिहावे. त्यात काही कमीपणा नाही.

काही क्लब "क्लीन वाईन", "डोके न दुखणारी वाईन" असेही सांगतात. "क्लीन" या शब्दाला कायद्यात व्याख्या नाही. अल्कोहोल तेवढेच असते आणि त्याचा अपायही तोच.

## सहा बाटल्या संपतात का?

या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि क्लब नकोसा होण्याचे हे मोठे कारण आहे. एका बाटलीत ७५० मिलिलिटर वाईन असते, म्हणजे १५० मिलिलिटरचे पाच ग्लास. सहा बाटल्यांचे ३० ग्लास. घरातली दोन माणसे शनिवारी एकेक ग्लास घेत असतील तर महिन्याला आठ-दहा ग्लास होतात. म्हणजे दोन बाटल्या. चार उरतात. तिसरा खोका येईपर्यंत आठ बाटल्या कपाटात असतात आणि त्यांचे पैसे केव्हाच गेलेले असतात. मग एक तर पिणे वाढते, जे मुळीच इष्ट नाही, किंवा बाटल्या पडून राहतात. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, बूच लावून, तीन ते पाच दिवस बरी राहते. तेव्हा "हळूहळू संपवू" यालाही मर्यादा आहे.

क्लब घेणाऱ्याने खोक्याचा आकार आणि पाळी आपल्या खपावरून ठरवावी. दर महिन्याऐवजी दर तिमाही हा पर्याय पुष्कळ ठिकाणी असतो. तो शोधावा लागतो.

## "कधीही रद्द करा" असे लिहिलेले असते की

असते, आणि बहुतेक वेळा करताही येते. चूक होते ती तारखांत. प्रत्येक क्लबला तीन तारखा असतात: पैसे कापण्याची, खोका भरून बंद करण्याची आणि पाठवण्याची. बंद करण्याची तारीख उलटली की तो खोका तुमचा झाला; त्यानंतर रद्द केलेले पुढच्या खोक्याला लागू होते. "रद्द केले तरी आला" या तक्रारीमागे अनेकदा हेच असते. म्हणून नाव नोंदवतानाच या तारखा पाहून फोनच्या कॅलेंडरमध्ये बंद होण्याच्या पाच दिवस आधीची आठवण लावावी.

रद्द करताना क्रम असा ठेवावा. आधी क्लबच्या खात्यात जाऊन रद्द करावे. "एक महिना वगळा" आणि "सभासदत्व बंद करा" ही दोन वेगळी बटणे असतात; पहिले मोठे आणि रंगीत, दुसरे बारीक. शेवटचा पडदा येईपर्यंत पुढे जावे, त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, आणि पुष्टीचा ई-मेल आला का ते पाहावे. फोन करूनच रद्द करा अशी अट असेल तर फोनची तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव लिहून त्याच दिवशी ई-मेलही टाकावा. बँकेतली आपोआप कपातीची परवानगी सर्वात शेवटी काढावी. ती नुसती काढली आणि क्लबला कळवले नाही, तर करार चालूच राहतो आणि थकबाकीची पत्रे येऊ लागतात.

या परवानगीला ई-मँडेट म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून भारतीय ग्राहकाला इथे चांगले संरक्षण आहे: पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि १५,००० रुपयांवरच्या नेहमीच्या कपातीला दर वेळी वेगळी ओटीपी लागते. ही २४ तासांची सूचना ही शेवटची संधी असते. ती जाहिरातींच्या मेसेजात हरवू देऊ नये. यूपीआयवर दिलेली परवानगी त्या ॲपमधल्या ऑटोपे विभागात दिसते आणि तिथूनच काढता येते.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला चकवणाऱ्या १३ क्लृप्त्या दिल्या आहेत. रद्द करण्याची वाट लपवणे किंवा मुद्दाम किचकट करणे ही "सबस्क्रिप्शन ट्रॅप" नावाने त्यांत आहे. शेवटच्या पडद्यावर अचानक शुल्क वाढवणेही आहे. भारतात विक्री करणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या शहरात जावे लागत नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

परदेशी क्लबला हे लागू करणे मात्र कठीण. तिथे कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहाराला आक्षेप घेणे हाच व्यवहार्य मार्ग.

## आगाऊ भरलेले पैसे कुणाचे?

ठेवीच्या किंवा "आमच्या तळघरात ठेवा" अशा योजनांत ही खरी जोखीम आहे. अमेरिकेत क्विझवर चालणारी विंक ही कंपनी शेअर बाजारात आल्यानंतर साधारण वर्षभरात, डिसेंबर २०२२ मध्ये, दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. २०२३ मध्ये अंडरग्राउंड सेलर बंद पडली. तिथे ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेल्या बाटल्या कंपनीच्याच गोदामात ठेवलेल्या होत्या, आणि त्या कुणाच्या हा प्रश्न न्यायालयात गेला. खात्यात दिसणारी शिल्लक म्हणजे बँकेतली ठेव नाही. कंपनी बुडाली तर शिल्लक असलेला ग्राहक विनातारण धनको ठरतो, म्हणजे रांगेत मागे. त्यामुळे दोन खोक्यांपेक्षा जास्त रक्कम कोणत्याही क्लबात साठू देऊ नये, आणि विकत घेतलेली वाईन आपल्या ताब्यात घ्यावी.

## बाटली आणि ऊन

वाईनला १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान मानवते. गोव्यात एप्रिल-मेमध्ये सावलीतच ३३-३४ अंश असतात, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत पारा ५० च्या पुढे सहज जातो. ७५० मिलिलिटर वाईन २० अंशांनी तापली की साधारण ५ मिलिलिटरने फुगते. बुचाखाली तेवढी मोकळी जागा नसते. मग बूच वर सरकते, कडेने थोडी वाईन झिरपते, आणि बाटली निवल्यावर त्याच वाटेने हवा आत जाते. बाटली फुटत नाही, लेबल छान असते, पण आतली वाईन शिजलेली असते: फळाचा ताजेपणा जाऊन मुरांब्यासारखा जड वास येतो, पांढरी वाईन पिवळसर तपकिरी होते. याच कारणासाठी अनेक अमेरिकन क्लब कडक उन्हाळ्यात खोके रोखून ठेवतात. ती सोय मागून घ्यावी लागते.

खोका कुठेही येवो, पुण्यात, लंडनला किंवा पणजीत, तो घेताना हे पाहावे. उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढावा. ओला डाग असेल तर तो फोटोत यावा. प्रत्येक बाटलीचे बूच तोंडाच्या पातळीत आहे का, वरचे आवरण बोटाने फिरते का, मानेवर चिकट ओघळ आहे का, हे बघावे. आवरण चिकटून बसले असेल आणि खाली ओघळ असेल तर वाईन झिरपलेली आहे. एकाच प्रकारच्या दोन बाटल्यांत पातळी कमी-जास्त दिसली तर तेही नोंदवावे. मग बाटल्या आठवडाभर थंड, अंधाऱ्या जागी शांत ठेवाव्यात, आणि तक्रारीची मुदत संपण्याआधी किमान एक उघडून पाहावी. सहाही बाटल्या दिवाळीसाठी राखून ठेवल्या तर मुदत निघून जाते.

दोष कोणता आणि नावड कोणती, हे तक्रारीत वेगळे सांगितले तर पैसे लवकर परत मिळतात. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास येत असेल तर बुचाचा दोष; तो टीसीए नावाच्या रसायनामुळे येतो आणि एखाद्याच बाटलीत असू शकतो. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास, साध्या वाईनला आलेला फेस, मुरांब्याचा वास हेही दोष. बुचाला चिकटलेले साखरेसारखे खडे मात्र दोष नव्हेत. ते टार्टरिक आम्लाचे क्षार असतात, द्राक्षातूनच येतात. तळाशी बसलेला गाळही चालतो. दोष वाटला तर बाटली ओतून टाकू नये. बूच परत लावून फ्रिजमध्ये ठेवावी, ऑर्डर क्रमांक, बॅच क्रमांक आणि उघडल्याची तारीख लिहून फोटोसह कळवावे. "वाईन बेकार होती" या एका ओळीला उत्तर म्हणून पुढच्या खोक्यावर सवलत मिळते; वर सांगितल्यासारखे पत्र गेले तर बाटली बदलून मिळण्याची शक्यता वाढते.

घरात ठेवताना फ्रिजच्या माथ्यावर, चुलीजवळ आणि गाडीच्या डिकीत कधीच नको. बुचाची बाटली आडवी, स्क्रू कॅपची कशीही. पावसाळ्यात लेबलाला आणि बुचाच्या वरच्या टोकाला बुरशी येते. पुसून टाकावी, आतल्या वाईनला तिने काही होत नाही. खास वाईनचा फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजचा भाजीचा कप्पा काही आठवड्यांसाठी पुरे. आणि लाल वाईन "घरातल्या तापमानाला" प्यावी हा सल्ला थंड देशांचा आहे. आपल्याकडे लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढावी.

## गोव्यात दारू सगळीकडे मिळते, मग घरी का येत नाही?

कारण मिळणे आणि पाठवणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मद्याचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक आणि विक्री हा राज्यांचा विषय आहे, आणि पिण्याचे मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. म्हणून प्रत्येक राज्याचे अबकारी कर, परवाने आणि लेबलांची नोंदणी वेगळी. गोव्यात हे १९६४ च्या अबकारी कायद्याने चालते. नाशिकची बाटली मडगावच्या दुकानात येते तेव्हा तिचे लेबल गोव्यात नोंदलेले असते, आयातीचा परवाना घेतलेला असतो, इथला कर भरलेला असतो, घाऊक परवान्यातून ती किरकोळ परवान्याकडे आलेली असते. एका राज्यातल्या क्लबने दुसऱ्या राज्यातल्या घरी थेट पार्सल धाडले तर ही सगळी साखळी चुकते. पत्रादेवी, मोले, पोळे या नाक्यांवरची तपासणी याच साखळीसाठी आहे, आणि नाक्यापलीकडे सिंधुदुर्गात पकडल्या जाणाऱ्या "गोवा बनावटीच्या दारू"च्या बातम्या हे त्याच नियमाचे दुसरे टोक. नाशिकला वायनरीत जाऊन गाडीतून खोका आणायचा बेत असेल तर निघण्याआधी महाराष्ट्राचा राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि गोव्याचे अबकारी खाते, दोघांनाही विचारावे.

अमेरिकेतही हेच राज्याराज्यांचे जाळे आहे. २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, आपल्या राज्यातल्या वायनरीला घरपोच पाठवू देता तर बाहेरच्यालाही पाठवू द्या, असा निकाल दिला आणि तिथून क्लबांना मोकळी वाट मिळाली. तरी आजही खोका घेताना २१ वर्षांवरील माणसाची सही लागते. घरी कुणी नसेल तर दोन-तीन फेऱ्यांनंतर खोका परत जातो, आणि परतीचा खर्च ग्राहकावर पडू शकतो. गोव्यातही मद्यविक्रीसाठी वयाची अट २१ आहे.

परदेशातून भेट पाठवायची असेल तर? त्या क्लबांच्या पत्त्यांत भारत नसतो. खासगी माणसाकडून मद्य घ्यायला मोठ्या कुरिअर कंपन्या तयार नसतात. "ऑलिव्ह ऑईल" लिहून पाठवणे ही सीमाशुल्काकडे खोटी नोंद होते. तो सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. सरळ मार्गाने आले तरी वाईनवर सर्वसाधारण आयातशुल्क १५० टक्के आहे, आणि ते वाहतूक धरून लागते: १,५०० ची बाटली, १,००० वाहतूक, मिळून २,५००, त्यावर ३,७५० शुल्क, झाले ६,२५०, राज्याचा कर अजून वेगळा. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे आणि त्याने ५ डॉलरवरच्या बाटल्यांचा दर कमी केला, पण तो आयातदारांच्या कामाचा. घरच्या माणसाला सोपी वाट एकच: परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला २ लिटर मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे दोन पूर्ण बाटल्या.

## मग गोव्यातल्या पत्त्यावर "घरपोच" म्हणणारे कोण?

काही जण प्रत्यक्षात वाईन विकत नाहीत. ते सभासदत्व विकतात: चाखण्याचे कार्यक्रम, वायनरीच्या भेटी, ठरावीक दुकानांत सवलत. ते घ्यायला हरकत नाही; फक्त त्या रकमेत बाटली किती आहे ते विचारावे. बाटली घरी आणून देतो म्हणणाऱ्याला एकच प्रश्न पुरतो: "माल कोणत्या परवान्यावर येणार, आणि बिल कोणत्या दुकानाचे?" किरकोळ परवाना ठरावीक जागेसाठी असतो, त्या जागेचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक खरा विक्रेता लगेच सांगतो.

आणि काही निव्वळ ठग असतात. खऱ्या दुकानाच्या नावाने नकाशावर किंवा समाजमाध्यमावर खोटा फोन नंबर टाकायचा, "घरपोच" म्हणायचे, आधी लहान रक्कम मागायची, मग "परतावा पाठवतो, क्यूआर स्कॅन करा" म्हणायचे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. तसे झाले तर तासाभराच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर कळवावे. वेळ जितका कमी, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

## क्लबशिवाय क्लबचे सुख

क्लबातून माणसाला खरे तर तीन गोष्टी हव्या असतात: निवडून देणारा कुणी, दर महिन्याला काही नवे, आणि थोडी शिकवण. या तिन्ही गोव्यात दुकानातून मिळू शकतात, आणि बऱ्याचदा क्लबपेक्षा चांगल्या, कारण इथे बाटली हातात घेऊन पाहता येते आणि पैसे त्यानंतर द्यायचे असतात.

वाईनचा बऱ्यापैकी खप असलेले, आत थंडावा राखणारे दुकान निवडावे. काचेच्या खिडकीत उन्हात उभी असलेली किंवा तेजस्वी दिव्याखालची बाटली घेऊ नये. मागच्या खोलीतली मागावी. माल कधी आला ते विचारावे. नाशिककडची द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, तेव्हा शेनाँ ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाईनच्या बाटलीवर जितके अलीकडचे साल, तितके बरे. तीन-चार वर्षांची स्वस्त पांढरी बाटली गोव्याच्या हवेत बहुधा थकलेली असते.

मग महिन्याला दोन बाटल्या घ्याव्यात, पण जोडीने: द्राक्ष एकच, वायनरी दोन. एका महिन्यात नाशिकच्या सुला आणि यॉर्कची शेनाँ ब्लाँ. पुढच्या महिन्यात शिराझ ही लाल वाईन, एक नाशिककडची, एक सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या फ्रातेल्लीची. दोन्ही एकाच संध्याकाळी अर्धा-अर्धा ग्लास, शेजारी शेजारी, एकाच तापमानाला. फरक काय वाटला ते दोन शब्दांत वहीत लिहावे, भाव आणि साल यांसह. चार जोड्या झाल्या की आपल्याला काय आवडते ते कोणत्याही क्विझपेक्षा नेमके कळलेले असते, आणि दुकानदारालाही ते नेमके सांगता येते. जेवणाशी जोडताना हुमणासारख्या तिखट-आंबट कालवणाला किंचित गोडसर शेनाँ ब्लाँ बरी पडते. टॅनिनची लाल वाईन मिरचीचा जाळ वाढवते. रवा लावून तळलेल्या बांगड्याबरोबर सोव्हिन्यों ब्लाँ, चांगली गार करून.

सहा बाटल्या एकदम घेणार असाल तर दुकानदाराला सवलत विचारावी, आणि बिल मागावेच. बिल जपले असेल तर कुबट निघालेली बाटली त्याच दुकानात, उरलेल्या वाईनसह, परत नेता येते.